मला हाकलणारे मामाजी

चालत्या एसटीत काहीही न धरता उभा राहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझे सासरे. आमच्या भागात सासऱ्यांना मामाजी म्हणतात, तसं मीही म्हणायचे. समुद्रपूरहून गिरडकडे जाणाऱ्या गाडीवर ते कंडक्टर होते. त्या रस्त्यानं गाडी एकदा डावीकडे कलायची, एकदा उजवीकडे. बायका पुढच्या सीटची दांडी घट्ट धरायच्या, शाळेतली पोरं एकमेकांवर पडायची, आणि मामाजी मधल्या वाटेत रोवल्यासारखे उभे. एका हातात तिकिटाचं मशीन, दुसरा हात मोकळा. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांच्या गाडीत चढले तेव्हा वाटलं, आता हसतील, कोणाला तरी उठवून मला जागा करून देतील. ते माझ्यापर्यंत आले आणि म्हणाले, "कुठं?" मी गिरड म्हटलं. त्यांनी तिकीट काढून माझ्या हातात दिलं आणि मागच्या माणसाकडे वळले. संध्याकाळी घरी मात्र म्हणाले, "गाडीत मी कोनाचा कोनी नसतो. राग नको मानू."

असे कंडक्टर तुम्हीही पाहिले असतील. दिवसभर ओरडतात आणि घरी आले की तोंडातून शब्द निघत नाही. मामाजींना घरात कोणाला नावानं हाक मारणं जमायचंच नाही. एक टोला दिला की गाडी थांबते, दोन दिले की सुटते, ही त्यांची भाषा. जेवायला बोलवायचं असलं की दाराच्या चौकटीवर बोटानं दोनदा ठोकायचे. भाजी पुरे असली की ताटाच्या काठावर एकदा. सासूबाई होत्या तोवर चिडायच्या. "मी मानूस हावो, मोटार नाई," म्हणायच्या. त्या वारल्या आणि मग चिडायला कोणी उरलं नाही. मला त्या ठोकण्याची सवय झाली होती.

नीलेश त्यांचा एकुलता एक मुलगा, माझा नवरा. समुद्रपुरात त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. मी हिंगणघाटला माहेरी गेले होते आणि तो मोटरसायकलनं मला घ्यायला निघाला होता. जाम गावाजवळ हायवेवर ट्रकनं त्याला उडवलं. मी हिंगणघाटच्या बसस्टँडवर त्याची वाट पाहत उभी होते. त्याच्या नंबरवरून फोन आला. बोलणारा माणूस दुसराच होता.

मामाजी रडले नाहीत. अंगणात माणसं येत होती, जात होती, आणि ते भिंतीपासून थोडं पुढे, कशाला न टेकता उभे होते. कोणीतरी खुर्ची आणून ठेवली. ते बसले नाहीत. मी आत होते. मला आठवतं ते एवढंच की बाहेरच्या सगळ्या आवाजांत त्यांचा आवाज नव्हता.

तेरवी झाल्यावर माझा भाऊ मला न्यायला आला. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मी तिथे राहायचं कारण त्याला दिसत नव्हतं, आणि खरं म्हणजे मलाही दिसत नव्हतं. मामाजी ओट्यावर बसून लसूण सोलत होते. त्यांनी मला राहा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी भावाला म्हटलं, पुढच्या महिन्यात येते. तो पुढचा महिना आला नाही. समुद्रपुरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन होते. सकाळी डबा घेऊन निघायचे. मामाजी तोवर रिटायर झालेले, ते बसस्टँडवर जाऊन सिमेंटच्या बाकावर बसायचे आणि जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या पाहायचे. संध्याकाळी आम्ही दोघं टीव्हीसमोर जेवायचो. टीव्हीवर काय लागलं आहे हे दोघांपैकी कोणी सांगू शकलं नसतं.

ते मला कधी वावगं बोलले नाहीत. नीलेशबद्दल तर काहीच बोलले नाहीत. शेजारपाजारचे म्हणायचे, किती चांगला माणूस आहे, पोरीला पोरीसारखं ठेवलं. मी हो म्हणायचे.

सिनेमावाला मुलगा त्यांना त्याच बाकावर भेटला. तिशीचा असेल. मूळचा वर्ध्याकडचाच, पण पुण्यात शिकलेला. गिरडच्या बाजूला एका गावात त्यानं शूटिंगसाठी घर पाहून ठेवलं होतं आणि मुख्य भूमिकेसाठी म्हातारा माणूस शोधत होता. मुंबईचे दोन नट त्यानं करून पाहिले होते, पण ते दोघंही फार रडत होते, असं त्यानं मला नंतर सांगितलं. मामाजींना तो बराच वेळ लांबून पाहत राहिला. मग जवळ जाऊन गाडी कधी आहे विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी घरी आला.

मी चहा ठेवला होता आणि तो मामाजींना गोष्ट सांगत होता. "एक म्हातारा आहे, काका. त्याचा मुलगा आणि सून मोटरसायकलवर सुनेच्या माहेरी जात असतात. अपघात होतो. मुलगा जातो, सून वाचते. म्हातारा सुनेला घराबाहेर काढतो. मग तो त्या घरात एकटाच राहतो. बस, एवढंच आहे."

मी कप आणून ठेवले. त्यानं मला सहज विचारलं, "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"आम्ही दोघंच," मी म्हणाले.

त्याची नजर भिंतीवर गेली. तिथे नीलेशचा हार घातलेला फोटो होता. त्यानं कप उचलला होता तो तसाच खाली ठेवला. "मला माहीत नव्हतं. माफ करा. मी दुसरं कोणी पाहतो."

"काऊन?" मामाजी म्हणाले.

"नाही काका, तुम्हाला त्रास होईल."

"उभंच त राह्याचं हाये न? मले येते."

तो गेल्यावर मी म्हणाले, "मामाजी, नका करू हे. मले नाई पाह्यवत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "तू नको येऊ पाह्यले," म्हणाले. मग, "मी करून पाह्यतो."

शूटिंग सुरू झालं. सकाळी एक गाडी त्यांना घ्यायला यायची, दिवस मावळताना सोडायची. मी काही विचारत नसे. त्या मुलानंच फोनवर सांगितलं की 'ॲक्शन' म्हटलं की काका दचकतात, म्हणून आता तो टेबलावर दोनदा ठोकतो आणि मग काका बरोबर सुरू होतात. थांबवायचं असलं की एकदा. त्याला त्याचं नवल वाटत होतं. संवाद त्यांना पाठ होत नव्हते, म्हणून त्यानं ते छाटत छाटत ओळी-दोन ओळींवर आणले होते. सुनेचं काम करणारी नागपूरची मुलगी होती. ती मला नंतर म्हणाली, "ते समोर उभे राहिले ना ताई, की माझंच मी विसरते."

एक दिवस मामाजी ब्लडप्रेशरच्या गोळ्या घरीच विसरून गेले. मी लॅबमधून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली, एसटीनं गेले आणि गोळ्या द्यायला त्या घरापाशी पोहोचले. नेमका तोच प्रसंग चालू होता. मला कोणीतरी खुणेनं गप्प उभं राहायला सांगितलं.

दुपारचं ऊन होतं. दारात मामाजी, खाली अंगणात ती मुलगी, हातात कापडी पिशवी. तिनं रडत काहीतरी म्हटलं. मामाजी तिच्याकडे पाहत राहिले. असं पाहताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. राग असता तर मला समजला असता. ते तिच्याकडे असं पाहत होते की तिथे उभी असलेली बाई जिवंत कशी, याचा त्यांना उलगडा होत नाही. त्यांना एकच वाक्य दिलं होतं, ते त्यांनी म्हटलं. "ह्या घरात तुह्यं आता काई नाई." मग दार लावायचं होतं. त्यांनी दाराला हात लावला आणि थांबले. सगळे थांबले. मुलानं टेबलावर ठोकलं नाही.

मामाजी म्हणाले, "येस्टीनं येता आलं नसतं तुले?"

आणि दार लावलं.

सिनेमातली सून माहेरी जात होती. येत नव्हती. तिथे 'जाता' म्हणायला हवं होतं. इतकी माणसं होती, कोणाच्या लक्षात आलं नाही. मुलगा तर टाळ्या वाजवत उठला. "काका, हे कुठून आणलंत? हे लिहिलेलं नव्हतं!" मी चहा देणाऱ्या बाईजवळ गोळ्या दिल्या, त्यांना द्या म्हटलं, आणि फाट्यावर जाऊन मिळेल त्या गाडीत बसले. मला काही वाटत नव्हतं. खिडकीतून कापसाची शेतं जात होती. मी ती पाहत होते.

संध्याकाळी ते आले, आम्ही जेवलो. मी भाजी वाढायला गेले तर त्यांनी ताटावर एकदा ठोकलं. सकाळी मी अंगण झाडत होते तेव्हा ओट्यावरून म्हणाले, "तू आलती काल."

"हो."

"थे माहं होतं. सिनेमातलं नोहोतं."

"माहीत आहे मले."

मी झाडत राहिले. मग ते म्हणाले, "लय दिवसापासून होतं मनात. तुले म्हनलं नाई मी."

"आता?"

त्यांनी विचार केला. खोटं बोलायचं त्यांना सुचलं नसावं. "हाये अजून," म्हणाले.

मी झाडू भिंतीला टेकवला. जे मी कोणाला सांगितलं नव्हतं, भावालाही नाही, ते त्यांना सांगितलं. सांगितलं नव्हतं कारण मेलेल्या माणसावर ढकलल्यासारखं वाटलं असतं. "मी येस्टीतच बसली होती, मामाजी. तिकीट बी काढलं होतं. त्याईचा फोन आला. म्हणे, उतर, मी निघालो, कायले धक्के खातं. मी नको म्हटलं. त म्हणे, उतर न, तिकून येता येता जेवून येऊ दोघं. मंग मी उतरली."

मामाजी माझ्याकडे पाहत होते. त्यांनी विचारलं, "कोनती गाडी होती?"

"हिंगणघाट-समुद्रपूर. दुपारची."

"कंडक्टर कोन होता?"

"मले काय माहीत. जाड होते. चश्मा होता."

"वाघाडे," ते म्हणाले. "थो उतरू देत नाई लवकर. एकदा तिकीट काढलं का वाद घालते."

"घातला त्यायनं. म्हणाले, बसून राह्य बाई, आता सुटतेच गाडी."

मामाजी उठले, चपला घातल्या आणि गेले. शूटिंगची गाडी आली ती परत गेली. मी लॅबमधून येताना पाहिलं तर ते बसस्टँडवर होते, आणि बाकावर त्यांच्या शेजारी तो जाड, चष्म्याचा माणूस बसलेला होता. दोघं गाड्या पाहत होते. मी तशीच पुढे घरी आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सिनेमावाल्या मुलाला सांगितलं, ते वाक्य काढून टाक. मुलगा हादरला. म्हणाला, काका, सगळा सिनेमा त्या वाक्यावर उभा आहे. "खोटं हाये थे," मामाजी म्हणाले. मुलाला काही कळेना. कोणाच्या हिशेबानं खोटं? सिनेमात तर सगळंच खोटं. मामाजी हलेनात. शेवटी तो माझ्याकडे लॅबमध्ये आला. नमुने घेण्याच्या त्या छोट्या खोलीत स्टुलावर बसून म्हणाला, "ताई, मला कारण नका सांगू. फक्त ठेवू की काढू, ते सांगा."

मी म्हणाले, "राहू द्या."

मामाजींना घरी येऊन सांगितलं. ते म्हणाले, "काऊन?"

"तुमी इतके दिवस घरात बोलले नाई," मी म्हणाले. "आता बोलले त राहू द्या."

सिनेमा पुरा झाला, बाहेरगावी कुठे कुठे दाखवला गेला, मामाजींना एक बक्षीसही मिळालं. मग वर्ध्याला एका हॉलमध्ये तो लागला आणि समुद्रपूरहून माणसं गाड्या करून आली. मी मामाजींच्या शेजारी बसले होते. पडद्यावर ते फार थोडं बोलतात. एका प्रसंगात तर नुसते लसूण सोलत बसतात. सून गेलेली, घरात कोणी नाही. सोलतात, सोलतात, एकट्या माणसाला महिनाभर संपणार नाही एवढा ढीग होतो, तरी थांबत नाहीत, आणि कॅमेराही तिथून हलत नाही. हॉलमध्ये कोणी खोकत नव्हतं. मला ते पाहताना अभिनय वाटला नाही. आमच्या ओट्यावर मी ते रोज पाहत होते, फक्त कधी इतका वेळ पाहिलं नव्हतं.

ते वाक्य आलं तेव्हा माझ्या पलीकडच्या बाईनं पदर तोंडाला लावला. मामाजी पडद्याकडे पाहत नव्हते. ते खुर्च्यांमधल्या वाटेकडे पाहत होते. शेवटी सगळे उभे राहिले, टाळ्या वाजल्या. एका पत्रकारानं विचारलं, हे कुठून आणलंत आतून? "सांगतलं तसं केलं," मामाजी म्हणाले.

परत येताना गाडीत म्हणाले, "लय वाईट मानूस हाये थो."

"कोण?"

"थोच. सिनेमातला."

"एकटा आहे म्हणून, मामाजी."

"एकट्याले वाईट व्हाची सूट असते का?" त्यांनी विचारलं.  

त्यांना आणखी दोन सिनेमे आले. त्यांनी नाही म्हटलं. पण त्यानंतर ते माझ्या मागे लागले. सेवाग्रामच्या दवाखान्यात टेक्निशियनच्या जागा निघाल्या होत्या, तसं कुठूनसं ऐकून आले आणि अर्ज भर म्हणाले. मी म्हटलं, तुमच्याकडे कोण पाहील? "मी काय लेकरू हावो?" मग भिंतीवरच्या फोटोकडे मान करून म्हणाले, "तू इथं राहून काय करून राह्यली? मले सांभाळून राह्यली का थ्याले?"

मी फोटोवरचा हार सरळ केला.

"सिनेमात तुले काढलं त लोकायनं टाळ्या वाजवल्या," ते म्हणाले. "आता खरंच काढतो. आता कोनी वाजवनार नाई."

मला नोकरी लागली. जायच्या दिवशी त्यांनी माझी बॅग स्वतः उचलली, गाडीत चढून खिडकीची जागा धरून दिली, खाली उतरले. "पोचली का फोन करजो," एवढंच म्हणाले. गाडी वळेपर्यंत ते उभे दिसत होते. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. सेवाग्रामला एक खोली घेतली. रविवारी जायचे, दोन भाज्या करून ठेवायचे, संध्याकाळी परत यायचे. या जाण्या-येण्यातच आम्ही नीलेशबद्दल बोलायला लागलो. तो शाळेत कसा होता, रेडिओ उघडून त्याचे तुकडे कसे करून ठेवायचा. मामाजी सांगायचे आणि मध्येच थांबायचे. मी पुढचं विचारायची घाई करत नसे.

मग त्यांना थकवा यायला लागला. ताप यायचा, जायचा. अंगावर निळे डाग दिसले तेव्हा मी त्यांना सेवाग्रामला घेऊन आले आणि भरती केलं. रक्त घ्यायला मीच गेले. दुसऱ्या कोणाला जाऊ द्यावंसं वाटलं नाही.

मी दंडाला पट्टा बांधत होते तर शेजारच्या खाटेवरच्या रोग्याजवळ बसलेली एक म्हातारी मामाजींकडे टक लावून पाहत होती. शेवटी तिला राहवलं नाही. "तुमीच न थे? मोबाइलवरच्या सिनेमातले? सुनेले घराबाहेर काढनारे?"

"होय," मामाजी म्हणाले.

"असं करा लागते का, भाऊ? पराई पोरगी, कुठं जाईन थे?"

"कुठं जाईन," मामाजी म्हणाले. "इथं दवाखान्यात नोकरीले लागली. हे पाहा, सुई घेऊन उभी हाये."

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसली. मी शीर शोधली. त्यांनी हात जरासुद्धा हलवला नाही.

नळीवर त्यांचं नाव लिहिलं, खाली लॅबमध्ये नेली. मशीननं आकडे दिले. मी पुन्हा लावून पाहिली. मग काच तयार करून मायक्रोस्कोपखाली धरली. रक्ताच्या कॅन्सरच्या त्या पेशी मी आधी अनेकांच्या पाहिल्या होत्या, त्यामुळे डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. शेजारी दुसऱ्यांच्या नळ्या रांगेत होत्या. त्या लावल्या. हात धुतले. जिना चढताना चेहरा नीट केला, काय म्हणायचं ते मनात म्हणून पाहिलं.

मामाजी उशीला टेकून बसले होते. "पाह्यलं का?" त्यांनी विचारलं.

"पाह्यलं," मी म्हणाले. "ठीक आहे सगळं. थोडं रक्त कमी आहे, गोळ्या देतील. आठवड्यात घरी."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांच्या तोंडाच्या एका कोपऱ्यात थोडं हसू आलं.

"राहू दे," म्हणाले. "तुले नाई जमत हे सिनेमाचं काम."